पायातला गॅस आणि मेंदू सुरक्षा समिती

माणसाच्या शरीरात मेंदू हा सर्वांत नाजूक अवयव असून, वापर टाळल्यास तो मरेपर्यंत नवाकोरा राहतो.

हे सत्य ज्या इस्पितळाला गवसलं, तिथं शिंपीकाका आपला उजवा पाय घेऊन आले. पायातली रक्तवाहिनी तुंबली होती. कुठे तुंबली ते दिसलं तर पाय वाचणार, नाहीतर कापायचा. आणि काकांचं शिलाई मशीन चालायचं पायावर. फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून एरवी एक औषध सोडतात. ते काकांच्या किडन्यांना झेपणार नव्हतं. त्याऐवजी रक्तवाहिनीत गॅस सोडायचं ठरलं.

गॅस हलका, वर चढतो. पायात ठीक; मेंदूत गेला तर घात. त्यासाठी पाय वर, डोकं खाली, असं टेबल तिरकं करावं लागतं. टेबलाचा खटका अडकलेला असल्यामुळे (दुरुस्ती हा दुसऱ्या खात्याचा विषय) इस्पितळाने मेंदू सुरक्षा समिती नेमली.

समितीचं काम खरोखर वाखाणण्याजोगं. पेशंट जितके प्रश्न विचारील तितका त्याचा मेंदू धोक्यात, हा निकष तिने स्वतःच्या डोक्याने काढला. (पाहणीचा निष्कर्ष: गप्प राहिलेल्या पेशंटांपैकी एकानेही तक्रार केलेली नाही.)

"अहो साहेब, टेबल तर सपाट आहे. गॅस डोक्यात चढला म्हणजे?" काकांनी विचारलं.

"बघा, गॅसच्या आधीच त्रास सुरू," अध्यक्ष हळहळले.

"त्रास कसला? साधं विचारतोय!"

"चिडचिडही आहे."

सोबत आलेली लेक कानाशी वाकली. "बाबा, गप पडा हो! एका प्रश्नाला एक गुंगीचं इंजेक्शन देतायत."

"का पण?"

तिसऱ्या इंजेक्शननंतर काका निवळले. मग समितीने रीतसर तपासणी केली. बरं वाटतंय? हो. काही शंका? नाही. समितीवर विश्वास? हो. मेंदू शंभर टक्के सुरक्षित! टाळ्या झाल्या, चहा झाला, काकांना चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत पोचवलं. अध्यक्षांना परिषदेत शाल मिळाली.

घरी काकांनी पाय मशीनवर ठेवला. तसाच गार, तसाच निळा. तो कापायची तारीख तेवढी मिळाली आहे. गॅसचं सिलिंडर इस्पितळाच्या कोपऱ्यात सीलबंद उभं आहे. गॅस सोडायचाच राहिला.

वाचकहो, टाळ्या वाजल्या तेव्हा तुम्हीही विचारलं नाहीत, की गॅस सोडला कधी? शंका नाही, तक्रार नाही, चिडचिड नाही. अभिनंदन. तुम्हाला तर इंजेक्शनही लागलं नाही.