हिरवे मास्क

वाळूजच्या त्या लहानशा कारखान्यात लोखंडी कपाटे रंगवली जात. रंगाच्या आणि थिनरच्या वाफेपासून बचाव व्हावा म्हणून तिथे सहा मास्क होते आणि सहाही कोरे होते. स्टोअर सांभाळणारे अनंतराव ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट काचेच्या कपाटात कुलपात ठेवत.

रंग कालवणारी कडूबाई गंगापूरकडून रोज जीपने कामाला येई. दुपारपर्यंत तिचे डोके ठणकू लागे. दर दोन-चार दिवसांनी ती स्टोअरच्या खिडकीशी उभी राही.

"काका, एक मास्क द्या ना. लई डोकं धरतंय वासानं."

"अहो, रंगात नेलात तर रंग नाही का लागणार त्याला?" अनंतराव कळकळीने म्हणत. "खराब झाला तर?"

 कडूबाई तोंडाला स्कार्फ गुंडाळून पुन्हा डब्यांकडे वळे.

मंगळवारी संध्याकाळी मॅनेजर श्रीरंग घाम पुसतच स्टोअरमध्ये आला. कपाटे घेणाऱ्या कंपनीच्या अश्लेषा मॅडम दुसऱ्या दिवशी अकराला सेफ्टी तपासायला येणार होत्या.

"पलीकडच्या कारखान्यात त्यांना पिशवीतले मास्क सापडले, काका. वापरतच नाहीत म्हणाल्या आणि त्यांची ऑर्डर बंद केली! आपले मास्क वापरलेले दिसले पाहिजेत."

"मग उद्या सकाळपासून घालतो की आमी," खिडकीतून कडूबाई म्हणाली. "आपोआप जुने व्हतील."

"दोन तासांत किती जुने होणार? सहा महिन्यांचे दिसायला पाहिजेत."

बुधवारी नऊ वाजता सहा मास्क पत्र्यावर ओळीने मांडण्यात आले. स्प्रे मारणाऱ्या राजकुमारने गन उचलली. मास्कवरच रंग मारायचा असल्यामुळे त्याला घालायला मास्क उरला नव्हता. त्याने नाकाला रुमाल बांधला. हिरव्या रंगाचा पहिला फवारा बसला तेव्हा अनंतरावांनी डोळे मिटून घेतले.

"हळू रे! जरा बेतानं!"

"उलटे करून पण मार," श्रीरंग खोकत म्हणाला. "खरं वाटलं पाहिजे."

रंग वाळायला दोन तास पुरतील, असा त्याचा हिशेब होता. मॅडम दहालाच आल्या. दारातच त्यांनी नाकाला हात लावला.

"बापरे, केवढा वास! मास्क घातल्याशिवाय मी आत येणार नाही. तुमच्याकडचाच एखादा द्या."

श्रीरंगने अनंतरावांकडे पाहिले. अनंतरावांनी सगळे मास्क बोटाने चाचपले आणि त्यातल्या त्यात कमी ओला शोधून दिला. मॅडमनी तो घट्ट आवळला, सगळी शेड नीट हिंडून पाहिली आणि रंगाने माखलेले मास्क पाहून समाधानाने मान हलवली. मग सगळ्यांना बाहेर ऑफिसात बोलावून मास्क काढला.

मॅडमच्या नाकाच्या दांड्यापासून हनुवटीपर्यंत हिरवेगार गोल कडे उमटले होते.

 श्रीरंग पंख्याकडे बघत म्हणाला, "चहा घेणार का, मॅडम?"

"नको. मावशी, तुम्ही हे मास्क रोज वापरता?"

कडूबाईने ओठ घट्ट दाबून धरले होते. आता मात्र तिला फिसकन हसू फुटले. "मॅडम, आदी तोंड पुसा की!"

मॅडमनी मोबाइलमध्ये चेहरा पाहिला. श्रीरंगने धावत जाऊन थिनरचा बोळा आणला, पण कडूबाईने त्याचा हात धरला. "थिनर नगं, सायेब! कातडं भाजंल त्यांचं. माझ्याकडं खोबरेल हाय."

तिने मॅडमना नळाकडे नेले. दहा मिनिटे दोघी तिथेच होत्या. तिकडे काय बोलणे चालले असेल, या विचाराने श्रीरंग तीन वेळा पाणी प्यायला.

मॅडम परतल्या त्या तेलाने चकाकत. त्यांनी मास्क उलटा करून टेबलावर ठेवला.

"बाहेरून रंग उडतो, ते समजलं. आतून कसा उडाला? घालणारा माणूस तोंडातून रंग फवारतो का?"

श्रीरंगने राजकुमारकडे पाहिले. राजकुमारने पायांकडे पाहिले.

"नवे आणा. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा. पंधरा दिवसांत न सांगता येईन. तोवर ऑर्डर थांबली."

नवे मास्क आले. मॅडम खरोखरच न सांगता आल्या, सगळ्यांच्या तोंडावर मास्क पाहून गेल्या आणि ऑर्डर सुरू झाली. कडूबाईचे डोके दुखायचे थांबले. अनंतराव तर आता दिवसातून चारदा शेडमध्ये फेरी मारू लागले. मास्क वाटण्याची कल्पना आपलीच, असे त्यांना हळूहळू खरेच वाटू लागले होते.

ते समोर आले की कडूबाई डबा ढवळता ढवळता मास्कच्या आतून बराच वेळ काहीतरी बोलत राही. बाहेर फक्त घुमल्यासारखा आवाज येई.

"असू दे हो, असू दे," अनंतराव संकोचून म्हणत. "आभार कसले? माझं कामच आहे ते."

रोज शेजारीच काम करून सवय झालेल्या राजकुमारला मात्र तिचा शब्द न् शब्द कळे. तो गन खाली ठेवून पोट धरून हसे.