मिलित्साबाईचे मोजे

बेलग्रेडमध्ये स्वस्तात कुठं उतरावं, हे लंडनच्या इल्फर्ड भागात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं! मी बेलग्रेडला कधी गेलोच नव्हतो, ही गोष्ट वेगळी.

सगळा दोष योएलचा. तो मायदेशाहून आगगाडीने, बेलग्रेडला मुक्काम करत लंडनला आलेला. दर शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपली की हा सुरू: दोन नद्यांचा संगम, तुर्कांचा किल्ला, स्टेशनाबाहेर खोल्या देणाऱ्या बायका. माझी बायको हदासासुद्धा चहा गार होईपर्यंत ऐकत बसे. मी आलो जहाजाने. जहाजात ओकाऱ्यांशिवाय काही घडलं नव्हतं. त्यांचं काय वर्णन करणार?

एका शनिवारी मला राहवेना. म्हणालो, "मीसुद्धा बेलग्रेडवरूनच आलो. आठवडाभर मिलित्साबाईकडे होतो. स्टेशनामागे, निळं दार. जेवणाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत तिने."

नाव आमच्या फॅक्टरीतल्या एका युगोस्लाव बाईचं उचललं होतं. योएलचा चेहरा चहात पडलेल्या बिस्किटासारखा झाला. हदासा माझ्यामागून दोन वर्षांनी इकडे आलेली, लग्न त्यानंतरचं. तिला काय माहीत?

पण आमच्या इथल्या हॉस्पिटलातले डॉक्टर माधव त्या उन्हाळ्यात मोटार घेऊन तिकडेच निघाले होते, आणि जाताना माझ्याकडून मिलित्साबाईचा पत्ता घेऊन गेले. परतले ते थेट आमच्या घरी. स्टेशनाबाहेर त्यांनी "मिलित्सा?" म्हणून हाक मारली, तर तिघी वळल्या. त्यातल्या एकीला लंडनचा गर्शोन, म्हणजे मी, लगेच आठवला. खोली भाड्याने द्यायची असली की कुणालाही कुणीही आठवतं! दार हिरवं निघालं, पण मध्यंतरी रंग दिला असेल, असं माधवनीच ठरवून टाकलं. निघताना बाईने माझ्यासाठी हातांनी विणलेले लोकरी मोजे दिले होते.

हदासाने ते माझ्या पायांत घालून पाहिले. अगदी मापाचे.

"इतक्या वर्षांनी माप लक्षात आहे," ती म्हणाली.

मी सगळं कबूल केलं. थाप, जहाज, ओकाऱ्या.

"आता जहाज काढलंत का?" एवढं बोलून तिने माझी उशी सोफ्यावर नेऊन ठेवली.

त्या स्टेशनाबाहेरच्या बायका कुणालाही ओळख दाखवतात, हे सांगायला योएलला साक्षीला बोलवायला गेलो, तर तो घुश्श्यात. "मी तिथे चार दिवस काढले. मला कुणी रुमालसुद्धा दिला नाही."

शेवटी हदासाने फर्मान काढलं: पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी बेलग्रेडला जायचं. तिला बाई बघायची होती.

शनिवारी मी योएलला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तिथे स्वस्तात कुठं उतरावं रे?"

"मला काय विचारतोस?" तो म्हणाला. "तुला तर जेवणसुद्धा फुकट."