सेकंडहँड खुळखुळाट

जुनी मोटरसायकल घ्यायची, हे मी एकट्यानं ठरवलं. तसे घरातले सगळेच निर्णय मी घेतो. फक्त बायको ते बदलते. पण यावेळी ती शाळेच्या गणवेशांच्या ऑर्डरमध्ये गळ्यापर्यंत बुडालेली होती. बाहेरच्या खोलीत निळ्या कापडाचे ढीग, तोंडात टाचण्या, पायाखाली मशीन. मी विचारलं, "घेऊ का?" ती "हं" म्हणाली. (तोंडात टाचण्या असताना माणूस दुसरं काय म्हणणार? पण होकार तो होकार.)

"जुनी गाडी म्हणजे काहीतरी दुखणं असणारच," मेहुणा म्हणाला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लोकांना मोटार चालवायला शिकवतो. दिवसभर "ब्रेक, ब्रेक!" असं ओरडून घसा इतका बसतो, की संध्याकाळी तो मोजकंच बोलतो.

"असू दे की," मी म्हणालो. "मला कान आहेत."

ही बढाई नव्हे. यंत्राच्या आवाजावरून त्याचा रोग ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. आमच्या पंख्याची कुरकुर मी खालून, सोफ्यावर पडल्या पडल्या ओळखली आणि दुरुस्त केली. तो आता मुळीच कुरकुरत नाही. (फिरतही नाही, पण तो वेगळा विषय आहे.)

गाडी आली. काळी, भारदस्त, वय झालेली पण पाठीचा कणा ताठ. मागच्या मालकानं तिच्यासोबत हेल्मेटही दिलं. त्याचं डोकं बहुधा खूप मोठं असावं, कारण मी ते घातलं आणि डावीकडे वळून पाहिलं, तर मी वळलो पण हेल्मेट वळलं नाही. आतला स्पंजही पार विटला होता. बायकोनं हातातलं काम बाजूला ठेवलं, स्पंजचे नवे तुकडे कापले, त्यांना कापडाची खोळ शिवली आणि ती हेल्मेटच्या आत घट्ट बसवून दिली. मी शेजारी स्टुलावर बसून तिला इंजिन, क्लच आणि चेन यांची इत्थंभूत माहिती देत होतो. कष्टाच्या कामात माणसाला सोबत हवी असते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो आणि कोपऱ्यावरच्या पहिल्या खड्ड्यात तो आवाज आला.

खुळ्ळ. मग टक्. मग पुन्हा खुळ्ळ.

खरं सांगतो, मला आनंद झाला. सर्जनला पहिला पेशंट मिळाल्यावर होत असेल तसा. गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढून हँडलला अडकवलं, खाली बसून इंजिनाला कान लावला. काही नाही. निव्वळ धडधड. पुन्हा हेल्मेट घातलं, बसलो, निघालो, खुळ्ळ!

म्हणजे गाडी तपासायला गेलं की गप्प. साहेब आले की आमचं ऑफिस गप्प होतं, अगदी तसंच. मुरलेली गाडी होती.

मी शास्त्रीय पद्धतीनं सुरुवात केली. चालू गाडीवर डावीकडे मान वाकवून ऐकलं, तर आवाज डावीकडून. म्हणजे चेन. खात्री करावी म्हणून उजवीकडे मान वाकवली, तर उजवीकडून! म्हणजे सायलेन्सरही. दोन रोग एकाच वेळी ओळखले, तेही एका फर्लांगात. माझा माझ्यावरच विश्वास बसेना. (तसा तो नेहमी बसतो.)

गॅरेजवाला भला माणूस. त्याला कुणालाही नाही म्हणवत नसे.

"चेनचा आवाज आहे ना?" मी विचारलं.

"चेनचाच."

"का सायलेन्सरचा?"

"सायलेन्सरचा तर आहेच."

"तुम्हाला ऐकू येतोय ना पण?"

"तुम्हाला येतोय ना, मग झालं की!"

त्यानं चेन बदलली, सायलेन्सर आवळला, मागचे शॉक अॅब्सॉर्बर नवे टाकले. स्वतः एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "लोण्यासारखी झालीय." मी हेल्मेट चढवलं, निघालो. लोणी खुळखुळत होतं.

आता गॅरेजवर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. मी गाडी जिन्याखाली घेतली आणि सुटे भाग घरात आणले. मडगार्ड दारामागे, सीट सोफ्यावर, नटबोल्ट साखरेच्या रिकाम्या डब्यात. (तो रिकामा आहे असं मला वाटलं होतं. चहा झाल्यावर कळलं.)

मग सगळं पुन्हा जोडलं आणि बायकोला मागे बसवून फेरी मारली. "आला बघ! आत्ता, ऐकलास?"

"काय?"

"खुळ्ळ!"

"अहो, काही नाही. पुढं बघा, म्हैस आहे."

म्हशीसकट कुणालाच तो आवाज येत नव्हता. मेहुण्यालाही नाही. मला त्यांची कीव आली. कान असणं आणि ऐकता येणं यांत फरक असतो, हे मी दोघांना समजावून सांगितलं. बराच वेळ.

अशात कळलं, की इकडे काही दिवसांपासून बायकोची बॉबिनची डबी हरवलीय. शिलाई मशीनच्या सुईखाली स्टीलची एक इवलीशी डबी बसते, तिच्यात बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं रीळ. ती नसेल तर मशीन म्हणजे नुसतं टेबल. बाजारातून नवी आणली, तर ती त्या जुन्या मशीनला नीट बसेना. टाके सुटायला लागले. गणवेश रविवारी द्यायचे होते. माझ्या यंत्रातून नको तो आवाज येत होता आणि तिच्या यंत्रातून हवा तो येत नव्हता.

"तुम्हीच घेतलीत," ती म्हणाली.

"मी? तुझी डबी?"

"माझं मशीनचं तेल कुणी नेलं? कात्री कुणी नेली? माझी टेप त्या चाकाला कुणी गुंडाळली?"

या तिन्ही गोष्टी मी नेल्या होत्या, पण डबी नव्हती नेली. निर्दोष माणसाचा आवाज चढतो, तसा माझा चढला. तेवढ्यात ती उठली आणि तिनं ढिगातून एक निळा सदरा काढून माझ्यापुढे धरला. पाठीवर ग्रीसचा पंजा उमटला होता. पाचही बोटं स्पष्ट होती आणि माझीच होती.

ती ओरडली नाही. ते फार वाईट लक्षण असतं. "पहिल्यांदा एवढी मोठी ऑर्डर मिळालीय मला," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत तुमचा तो आवाज गेला नाही, तर गाडी जाईल. भाऊ घ्यायला तयार आहे."

मला मनापासून वाईट वाटलं. तिच्यासाठी, आणि तिच्याइतकंच गाडीसाठी. मी कंबर कसली. टाकी उतरवली, चढवली. हॉर्न बदलला. शेवटी नंबरप्लेटवर संशय आला म्हणून तीही काढली, आणि पोलिसानं अडवल्यावर परत लावली. त्यालाही मी आवाज ऐकायला सांगितलं. त्यानं माझं तोंड हुंगलं.

शनिवार संध्याकाळ. आवाज ठणठणीत होता.

मी मेहुण्याच्या घरी गाडी पोचवली. किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "हिच्यात एक खोल दोष आहे," मी म्हणालो. "मलाही तो सापडला नाही, म्हणजे समज."

"बरं," मेहुणा म्हणाला.

परत निघालो ते चालत. एका हातात पान्ह्यांची पिशवी, दुसऱ्यात गाडी जोडून झाल्यावर उरलेल्या भागांची. (गाडी त्यांच्याशिवाय चालत होती, हे माझ्या जोडणीचं यश.) दोन्ही हात गुंतल्यामुळे हेल्मेट डोक्यावरच ठेवलं. पादचारी माणसानं हेल्मेट घातलेलं लोकांना बघवत नाही, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

फुटपाथची पायरी उतरलो आणि, खुळ्ळ. टक्.

मी थिजलो. गाडी तर मेहुण्याकडे होती! एक पाऊल टाकलं, टक्. वाकलो, खुळ्ळ. मान डावीकडे, आवाज डावीकडे. मान उजवीकडे, आवाज उजवीकडे. घाम फुटला, पण डोकं शाबूत होतं, आणि रस्त्यात उभ्या उभ्या मी निदान केलं: इतके दिवस गाडी निर्दोष होती. झिजली होती ती माझी मान.

घरी जाऊन खुर्चीत बसलो. "इकडे ये," मी शांतपणे म्हणालो. "घाबरू नकोस. मान हलवली की माझ्या डोक्यात काहीतरी खुळखुळतं."

"डोक्यात?" बायको म्हणाली. "आत काही असल्याशिवाय कसं खुळखुळेल?"

तिनं हेल्मेट माझ्या डोक्यावरून उपसलं, कानाशी नेऊन हलवलं. खुळ्ळ. कात्री घेतली, स्वतःच घातलेले टाके उसवले, दोन स्पंजांच्या फटीत बोट घातलं. तिच्या तळहातावर बॉबिनची डबी पडली.



"दोरा भरायला काढली होती," ती म्हणाली. "तुम्ही कानाशी त्या क्लचचं सांगत होता, एकसारखं. माझं लक्षच नव्हतं. शिवून टाकली." आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग डबी पुसून मशीनमध्ये बसवली आणि पाय मारला. मशीन सुरेख चाललं. निदान या एका यंत्राचा आवाज बरोबर आहे, हे मी लगेच ओळखलं.

मी मेहुण्याला फोन केला. "अरे, गाडीत दोष नव्हताच!"

"माहितीय."

"मग परत दे."

"नाही," तो म्हणाला. घसा बसलेला असूनही अगदी स्पष्ट.

गणवेश वेळेवर गेले. बायकोला पुढच्या वर्षाचीही ऑर्डर मिळाली. हल्ली मेहुणा रोज सकाळी मला त्याच गाडीवर मागे बसवून ऑफिसला सोडतो. परवा घरी आला, तेव्हा बायकोनं विचारलं, "काय रे, गाडी काय म्हणते?"

"एकदम शांत," तो म्हणाला. "फक्त सकाळी मागच्या सीटवरून आवाज येतो. भावोजींचं ऑफिस आलं की थांबतो."

"तो नाही जायचा," बायको मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "मी लग्न झाल्यापासून प्रयत्न करतेय."

माझा अपमान झाला होता. मी ठरवून तोंड मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो. थोड्या वेळानं मशीन थांबलं. बायको उठून आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि काळजीनं म्हणाली, "अहो, काय होतंय? आवाज का बंद झाला?"