जावई झोपलाय

गिरीज गावच्या आग्नेसबायकडे जावई दोन होते. एक शेजारच्या गास गावचा हिलरी, बँकेत कारकून. येत्या रविवारी त्याचं तिच्या मुलीशी, बेटीशी लग्न. दुसरा होता डुक्कर, लग्नाच्या जेवणासाठी वर्षभर पोसलेला. पहिला घास त्याला आणि दुसरा घरधन्याला, हे बघून शेजारणींनी डुकराचं नाव जावई पाडलं. आग्नेसबायनेही तेच चालू ठेवलं.

मंगळवारी गुरांचा डॉक्टर बळीराम लाळ-खुरकुताची लस घेऊन आला. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती, तरी सरकारी माणूस सुई घेऊन आला म्हटलं की लोक आधी दारं लावून घेत. त्यात शेजारून बातमी आली, की टोचलेलं जनावर महिनाभर कापायचं नाही.

आग्नेसबायने हिशेब केला. रविवारी लग्न, बुधवारपासून उपवासकाळ, त्यात चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. लग्न पुढे ढकलावं तर थेट ईस्टरनंतर. न ढकलावं तर गासच्या पाहुण्यांना काय कोबी वाढायचा? तिने डुकराला, म्हणजे जावयाला, मडक्याच्या तळाची कडक ताडी पाजली, मधल्या खोलीत बेटीच्या नव्या गादीवर आडवा केला, वर चादर ओढली आणि बाहेरून कडी घातली.

बळीरामने बैल टोचला, म्हशी टोचल्या. हात धुताना तो थांबला.

"आत कोण घोरतंय?"

"जावई, साहेब."

"लग्न रविवारी ना? आत्तापासून मुक्कामाला?"

"दमलाय बिचारा. बेटीच्या गादीवर निजवलाय."

"ताडीचा वास येतोय."

"घेतो थोडी. आजकालची पोरं!"

एवढ्यात सायकलची घंटी वाजली. लग्नाचे नवे बूट दाखवायला हिलरी आला होता.

"हा कोण?" बळीरामने विचारलं.

"मी या घरचा जावई," हिलरी थाटात म्हणाला.

"छे! जावई आत झोपलाय. ताडी पिऊन. बेटीच्या गादीवर."

हिलरीच्या हातातला बूट पडला. आग्नेसबायला मुलगी एकच, हे त्याने सोयरीक ठरवतानाच नीट विचारून घेतलं होतं.

"मावशी, दार उघडा."

"बाबा, ऐक तर..."

"दार उघडा! नाहीतर जातो फादरकडे. सांगतो, या लग्नाला हरकत आहे. माझीच!"

नवरदेव वाचवावा तर डुक्कर जातो, डुक्कर वाचवावा तर नवरदेव. आग्नेसबायने दोघांची मनातल्या मनात तुलना केली. जरा जास्तच वेळ केली. मग कडी काढली.

जावई चादर पांघरून झुलत झुलत ओट्यावर आला आणि हिलरीच्या पायाशी बसला.

"टोचा साहेब," आग्नेसबाय रडकुंडीला आली. "शनिवारी कापणार होते जावयाला. नशिबात नव्हतं."

"डुकराला कशाला टोचू?" बळीराम म्हणाला. "ही लस गुरांची. डुकरांची वेगळी असते, ती आलेलीच नाही."

आग्नेसबायने क्रूसाची खूण केली. हिलरी मात्र हसला नाही.

"मावशी, शनिवारी कुणाला कापणार म्हणालात?"

"अरे, नुसतं नाव रे ते!"

"आमची सगळी मंडळी पंगतीत असणार. 'जावयाची कलेजी वाढा' असं कुणी ओरडलं, की जन्मभर ऐकायचं मी. नाव बदला, तरच लग्न."

"चार दिवसांसाठी नवं नाव कुठून आणू, बाबा?"

आग्नेसबायने अंगणभर नजर फिरवली. बळीराम साहेब लसीच्या बर्फाच्या पेटीचं झाकण लावत होता. निघताना तिने त्याला लग्नाचं आमंत्रण दिलं. अगदी मनापासून दिलं.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, स्टीलचा डबा काखेत मारून बळीराम मांडवाच्या तोंडाशी पोचला, तोच मागच्या चुलीवरून आग्नेसबायचा आवाज आला.

"अगो, साहेब अजून कच्चाच आहे! खाली जाळ वाढव!"

बळीरामचा पाय उचललेला तसाच राहिला. सुटातला हिलरी दोन्ही हात पसरून पुढे आला.

"या साहेब, या! तुमच्यासाठीच तर पंगत खोळंबलीय."