मीटरची प्रत्यक्ष पाहणी

घरात आपलं कोणीतरी ऐकावं, एवढी एकच इच्छा नोंदबुवांची उरली होती. 'नोंदबुवा' हे नाव कचेरीतल्या मंडळींनी ठेवलेलं. एकवीस वर्षं ते रेकॉर्ड विभागात होते, आणि त्यांच्या टेबलावरून गेलेल्या प्रत्येक कागदावर 'प्रत्यक्ष पाहून खात्री केली' असा शेरा आणि खाली झोकदार सही असे. (प्रत्यक्ष पाहायचं तर खुर्चीतून उठावं लागतं. नोंदबुवा फक्त जेवणाच्या सुट्टीत उठत.) कचेरीत त्या सहीला वजन होतं. घरी मात्र त्यांनी "जरा पंखा बंद करा" म्हटलं की बायको शिवणयंत्र चालवत राही, मुलगी केस वाळवत राही आणि पंखाही फिरत राही.

त्यात सासरे निवृत्त वायरमन. खिशात अजूनही टेस्टर. दर रविवारी येत, चपला काढायच्या आधी भिंतीवरच्या बटणांवर नजर फिरवत आणि विचारत, "जावईबापू, कशाला हात नाही ना लावलात?"

त्यामुळे इमारतीत सगळ्यांना स्मार्ट मीटर बसली आणि जोडणीच्या क्रमांकाची चिठ्ठी दाराखालून आत सरकली, तेव्हा नोंदबुवांनी मनाशी ठरवलं, हे काम आपण करायचं, सासऱ्यांना न विचारता. त्यांनी फोनवरून चालणारे प्लग आणले, बोलणारा स्पीकर आणला आणि खुर्चीत बसून मीटर घरातल्या यंत्रणेला जोडायला घेतलं. चिठ्ठीवरचा क्रमांक भरल्यावर अ‍ॅपने एक चौकोन पुढे केला. 'मीटरवरील क्रमांक प्रत्यक्ष पाहून खात्री केली आहे.' एकवीस वर्षांची सवय! बोट आपोआप पडलं.

मग त्यांनी दोन नियम घातले. विजेचा वापर फार वाढला, तर फ्रिज सोडून सगळं बंद. आणि वापर अर्धा तास अगदीच कमी राहिला, तर घरात कोणी नाही असं समजून उरलंसुरलंही बंद, आणि तसा निरोप सगळ्यांच्या फोनवर.

शनिवारी सकाळी बायकोने इस्त्री लावली. एका शाळेच्या सभागृहाचे अठरा पडदे रविवारी संध्याकाळपर्यंत शिवून, इस्त्री करून द्यायचे होते. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"विजेचा वापर जास्त आहे," स्पीकर म्हणाला. "अनावश्यक उपकरणे बंद करत आहे."

इस्त्री, शिवणयंत्र, पंखा, दिवा, सगळं एका दमात गप्प झालं. नोंदबुवांना भरून आलं. आयुष्यात प्रथमच या घरात त्यांच्या शब्दावर काहीतरी बंद पडलं होतं.

"अहो, इस्त्री अजून कोमटसुद्धा झाली नव्हती!"

"यंत्र खोटं बोलत नाही. तुझा हातच सढळ."

"आणि माझा ड्रायर?" मुलगी अर्ध्या ओल्या केसांनी बाहेर आली.

"वारा आहे बाहेर. गॅलरीत उभी राहा."

दुपारी शेजारच्या भट्टीवाल्या काकू कात्री मागायला आल्या. काकू मातीची भांडी करायला शिकवत आणि ती घरच्याच विजेच्या भट्टीत भाजत. "सकाळीच भट्टी पेटवलीय, दोन दिवस पेटती ठेवणार आहे, शंभर कप आहेत. पण तुमच्याकडे असा अंधार का?"

"आम्ही वापरावर नियंत्रण ठेवतो," नोंदबुवा म्हणाले.

"कौतुक आहे बाई. मला नाही जमत."

दिवस मावळेपर्यंत एक दिवा लावला तरी स्पीकर ओरडू लागला. नोंदबुवांनी वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं आणि काटकसर या विषयावर तीन वेळा बोलले. बायको हाताने चाक फिरवून शिवत होती. चौथा पडदा झाला, तेव्हा तिचे डोळे भरून आले. तिने वडिलांना फोन लावला. "बाबा, उद्या सकाळीच या. घरात कोणीतरी यांचं ऐकायला लागलंय."

सासरे आले. बटणांवर नजर फिरवली आणि या वेळी काही विचारलं नाही. एकेक प्लग काढला. फोनवर आकडा तोच, साडेचार किलोवॅट. शेवटी त्यांनी मेन स्विच खाली ओढला. फ्रिजसुद्धा थांबला. फोनवर साडेचार.

"जावईबापू, घर बंद केलं मी. तरी तुमचं घर जेवतंय."

"कुठेतरी गळती असेल," नोंदबुवा म्हणाले.

"एवढी गळती असती तर आपण चौघं भिंतीला चिकटून बोलत असतो. मीटर कुठलं जोडलंत?"

"आपलंच. नोंद आहे तशी."

"नोंद राहू द्या. पाहिलंत का?"

"खात्री केली होती."

"खाली जाऊन?"

नोंदबुवांना चष्मा पुसायची आठवण झाली.

सगळं घर जिना उतरून मीटरच्या खोलीत गेलं. त्यांचं मीटर शून्य दाखवत निवांत बसलं होतं. शेजारचं भराभर लुकलुकत होतं आणि चिठ्ठीवरचा क्रमांक त्याच्यावर होता. भट्टीवाल्या काकूंना बोलावलं. "अगं बाई, म्हणजे माझ्या दाराखाली आलेली चिठ्ठी तुमची होती? मी तर ती डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातली!"

बायको नवऱ्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे दोन दिवस मी काकूंच्या भट्टीची बोलणी खाल्ली?"

नोंदबुवांना खरोखर लाज वाटली. "चुकलं माझं," ते म्हणाले. हे वाक्य त्या घरात इतकं नवीन होतं की मुलीने ते पुन्हा म्हणायला लावलं.

सासऱ्यांनी त्यांच्याकडून खरा क्रमांक दोनदा मोठ्याने वाचून घेतला आणि जोडणी दुरुस्त झाली. मग दिवसभर सगळ्यांनी हात लावला. नोंदबुवांनी अकरा पडद्यांच्या दुमडी टाचल्या (आणि एका पडद्याला आपली बाही). ऊन कलायच्या आत अठरा पडदे तयार झाले, आणि ते पोचवायला बायको, मुलगी आणि सासरे रिक्षाने गेले. रिक्षात चौथ्याला जागा नव्हती.

नोंदबुवा खुर्चीत बसले. पश्चात्ताप म्हणून पंखा लावला नाही. एका लहानशा दिव्यापाशी हूं की चूं न करता वर्तमानपत्र वाचत राहिले. बाहेर अंधारून आलं.

"घरात कोणी नाही," स्पीकर म्हणाला. "सर्व उपकरणे बंद करत आहे."

"अरे, मी आहे!" नोंदबुवा ओरडले. पण दिव्यामागोमाग स्पीकरही बंद झाला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, घरात कोणी नाही असा निरोप आलाय. कुठे गेलात?"

"कुठे जाणार? घरीच आहे."

फोनमागून सासऱ्यांचा आवाज आला. "त्यांना विचार, प्रत्यक्ष पाहून सांगताहेत ना?"

नोंदबुवांनी अंधारात आपल्या पोटावरून एकदा नीट हात फिरवला, आणि मगच "हो" म्हणाले.