बापूकाकांच्या अक्षता

बापूकाका कॉम्प्युटरवर अक्षता टाकतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वाटूर फाट्यावर त्यांचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान. जुन्या लग्नांच्या कॅसेटी आता लोकांना सीडीवर हव्यात, म्हणून काकांनी कॉम्प्युटरात कॅप्चर कार्ड बसवून घेतलं. कॅसेट जेवढा वेळ चालते, तेवढाच वेळ ती आत उतरायला लागतो. दुसरा कुणी ती लावून चहाला गेला असता. काका धुतलेला सदरा घालून समोर बसतात. चपला बाहेर, पंखा बंद. "हलू नका बिलकुल, लगन चालू हाय." मंगलाष्टकं लागली की उठून उभे राहतात आणि वाटीतले तांदूळ पडद्यावर टाकतात.

मला हे पटत नव्हतं. 'अक्षतांच्या नावानं धान्याची नासाडी थांबवा' हे पत्रक मीच लिहिलेलं, आणि त्यांच्या दारावर मीच चिकटवलेलं. काकांनी ते काढलं नाही. "अक्षर चांगलं हाय तुमचं," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी मी आमच्या पाण्याच्या मोर्च्याची कॅसेट घेऊन गेलो. टँकरचा शब्द दिलेले साहेब आता 'मी असं बोललोच नाही' म्हणत होते. दुपारी त्यांच्यापुढे सीडी ठेवायची होती. बाराला लाईट जाणार. दहाला पोचलो, तर काकांकडे एक लग्न चालू.

"काका, थांबवा हे. माझी वीस मिनिटांचीच आहे."

"दीड घंटा हाय अजून. बसा."

"गावाला पाणी नाही आणि तुम्ही वराती बघताय? जनतेचा प्रश्न मोठा की कुणाचं तरी लग्न?"

काकांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "कार्यकर्ते, कॅसेटीला बुरशी लागलीय. कापसानं पुसून पुसून चालू केली. थांबली तर पुन्हा चालायची न्हाई. माझ्या सुनीताचं लगन हाय हे."

सुनीता त्यांची एकुलती एक. लग्न होऊन सुरतेला गेली, ती दिवाळीला येते, आली तर. पडद्यावर मामा होते, आत्या होत्या, आचारीसुद्धा होता. मी मूर्खासारखं विचारलं, "तुम्ही कुठं आहात यात?"

"म्या शूटिंग करून राह्यलो व्हतो ना. दुसऱ्याच्या हाती कॅमेरा द्यायची हिंमत न्हाई झाली." स्वतःच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले, "खांद्यावर कॅमेरा. अक्षता टाकाया हात कुठं व्हता? तव्हापासून कुणाचीच चुकू देत न्हाई."

पडद्यावर मुंग्या आल्या, गेल्या. अंतरपाट धरला गेला. काका उठले. वाटी माझ्यापुढे केली.

मी मूठ भरली. 'सावधान' झालं, दोघांनीही टाकल्या. काकांच्या बऱ्याचशा कीबोर्डवरच सांडल्या, कारण त्यांना धड दिसत नव्हतं.

साडेअकराला लग्न संपलं. लगेच माझा मोर्चा लागला. काका पुन्हा उभे राहिले आणि प्रत्येक घोषणेला हात वर करून ओरडले. लाईट जायच्या आत सीडी माझ्या हातात होती. टँकर दुसऱ्या आठवड्यात आला.

अजूनही तिथल्या कीबोर्डचं एक बटण दाबलं जात नाही, खाली दाणा अडकलाय. टाचणीनं काढून देतो म्हणालो.

"राहू द्या," काका म्हणाले. "त्याच्यावाचून काम चालून राह्यलंय माझं."