चाड नाही

"चाड नाही, काकू," पोस्टातली काउंटरवाली म्हणाली आणि भूगोलाच्या निवृत्त बाईंच्या डोक्यात सणक गेली.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. परदेशी पार्सलांची गाडी साडेचारला सुटायची, पुढची थेट आठवड्याने. बाईंच्या हातात लेकीचा नवा चष्मा होता. लेक चाड नावाच्या देशात डॉक्टर. जुन्या चष्म्याची एक काच फुटलेली, आणि बिचारी एका डोळ्याने माणसांना टाके घालत होती.

"कामाची चाड नाही ते दिसतंच आहे," बाई म्हणाल्या. "पार्सल घ्या."

काउंटरवालीला ते झोंबलं. संगणकावर खंड निवडला की देशांची यादी येते, त्या यादीत देशच नाही तर आपण काय मनाने घालायचा का, असं तिने ऐकवलं. बाईंनी पत्ता मोठ्याने वाचला. तिने तो चुकला असेल म्हणून सांगितलं. रांगेतल्या मागच्या गृहस्थांनी सुचवलं, की शेजारच्या एखाद्या देशात पाठवा, लेक येऊन घेऊन जाईल. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते आपल्याच खोक्यावरचा पत्ता वाचू लागले.

मग बाई सुटल्याच. तीस वर्षं मुख्याध्यापकांनी त्यांचे तास काढून गणिताला दिले होते. भूगोल शिकून करायचंय काय, म्हणून पालकांनी तोंडावर विचारलं होतं. त्या सगळ्यांना आज इथे उभं करायला हवं होतं. चार वीस झाले. काउंटरवर हात आपटताना त्यांच्या तोंडून वर्गातलं जुनंच वाक्य निघालं. "मेंदू दप्तरात ठेवून आलीस का?"

काउंटरवाली ताडकन उभी राहिली. चाळिशी उलटलेली, पण हात आपोआप पाठीमागे गेले.

"बाई, तुम्ही? मी सातवी ब."

"खंड कोणता निवडलायस?"

"आशिया. मग युरोपही बघितला."

"आणि आफ्रिका?"

तिने मान खाली घातली. "तुम्हीच म्हणाला होतात ना, त्या पानांवर फुल्या मारा, परीक्षेला येणार नाहीत."

बाईंना आठवलं. त्या वर्षी तास पुरले नव्हते. फुल्या नीट मारल्यात ना, हे त्यांनी स्वतः बाकाबाकांमधून फिरून तपासलं होतं. काउंटरवालीने आफ्रिका निवडून बटण दाबलं.

"आहे, बाई. चाड आहे."

चष्मा गाडीत चढला. बाईंचा राग मात्र उतरेना, आणि आता तो मुख्याध्यापकांवर काढायचीही सोय राहिली नव्हती. त्या निघाल्या, तेवढ्यात गृहस्थांनी आपलं खोकं पुढे सरकवलं. ते पेरू देशाला जायचं होतं.

काउंटरवालीने यादी वरखाली केली आणि चाचरत बाईंकडे पाहिलं.

"बाई, दक्षिण अमेरिकेवरही फुली होती."

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"पेन्सिल आणि कोरा कागद दे," त्या खेकसल्या.